फी कोण भरणार आणि भाड्याचे काय?

अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजचे पत्र येते. वर्षाला 20,000 डॉलरची स्कॉलरशिप मंजूर. घरात पेढे वाटले जातात, तालुक्याच्या पेपरात फोटो छापून येतो. चार दिवसांनी कुणीतरी पत्र शेवटपर्यंत वाचते, तेव्हा कळते की त्या कॉलेजचा वर्षाचा एकूण खर्च 70,000 डॉलर आहे. डॉलरला 85 रुपये धरले तरी उरलेली रक्कम होते साडेबेचाळीस लाख, आणि ती चार वर्षे दरवर्षी उभी करायची. घरात वर्षाला दोन लाख येत असतील तर अशी स्कॉलरशिप असून नसल्यासारखी.

हा घोळ होतो, कारण स्कॉलरशिप म्हणजे हुशारीचे बक्षीस अशी आपली समजूत पक्की आहे. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलामुलींना परदेशी शिकायला जो पैसा खरोखर पुरतो, तो बहुतेकदा बक्षिसाचा नसतोच. शिवाय पदवी, पदव्युत्तर आणि पीएचडी या तीन टप्प्यांवर तो तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतो.

बारावीनंतर अमेरिकेत जायचे असेल तर तिथल्या केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत परदेशी मुलांना मिळत नाही. पैसा देते ते कॉलेज, स्वतःच्या निधीतून, आणि तो बहुतेकदा घरच्या गरजेनुसार ठरतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी अर्जदाराची ऐपत न पाहता प्रवेशाचा निर्णय घेतात आणि प्रवेश दिला की कमी पडणारा सगळा खर्च उचलतात. 2022 मध्ये डार्टमथ आणि बोडन त्यांत आले, पुढे ब्राऊनही आले. हार्वर्डने तर 2025-26 पासून एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांकडून शिकवणी, राहणे, जेवण यांचे काहीच घ्यायचे नाही असे ठरवले. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचे घर त्यात सहज बसते. अवघड आहे तो प्रवेश. हार्वर्डमध्ये शंभर अर्जदारांतल्या जेमतेम चौघांना जागा मिळते.

बाकीच्या बहुतेक कॉलेजांचा हिशेब वेगळा आहे. तिथे मदत मागितली की ती गोष्ट निवडीच्या वेळी विचारात घेतली जाते. म्हणून काही जण अर्जात गरज लपवतात आणि आत शिरल्यावर मागू म्हणतात. हा डाव बहुधा अंगाशी येतो. प्रवेशाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढे ती न देण्याचा नियम अनेक कॉलेजांत आहे. त्यातच व्हिसासाठी लागणारा आय-20 हा कागद मिळण्याआधी पहिल्या वर्षाचा पैसा दाखवावा लागतो.

मदतीचा अर्ज म्हणजे घरची सगळी झडती. सीएसएस प्रोफाइल नावाच्या फॉर्ममध्ये उत्पन्न, जमीन, बँकेतली शिल्लक, कर्ज, भावंडांचे शिक्षण असे सगळे विचारतात. वडील पगारदार असतील तर फॉर्म 16 जोडून काम भागते. शेती, रोजंदारी किंवा टपरी असेल तर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, त्याचे इंग्रजी भाषांतर आणि पीक कसे गेले, हातात किती उरले हे साध्या शब्दांत सांगणारे पालकांचे पत्र द्यावे लागते. अर्जाची फी परवडत नसेल तर माफी मागता येते. शाळेच्या शिक्षकाने तसे लिहून दिले किंवा प्रवेश कार्यालयाला ईमेल केला, तर बरीच कॉलेजे ती देतात.

पदव्युत्तर शिक्षणात चित्र पालटते. इथे विद्यापीठांपेक्षा सरकारे जास्त उदार असतात. युरोपीय संघाची इरास्मुस मुंडुस शिष्यवृत्ती पूर्ण फी भरते आणि दोन वर्षांपर्यंत महिन्याला 1,400 युरो देते. अभ्यासक्रम एकाहून अधिक देशांत होतो आणि पदवीच्या शेवटच्या वर्षातही अर्ज करता येतो. ब्रिटनच्या चेव्हनिंगसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. बुलडाणा जिल्ह्यातल्या भटक्या जमातीतून आलेले आणि 'एकलव्य' संस्थेचे संस्थापक असलेले राजू केंद्रे 2021 मध्ये याच शिष्यवृत्तीवर लंडनला गेले.

आपल्याकडच्या सरकारी योजनाही आहेत. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतल्या 125 विद्यार्थ्यांसाठी आहे. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर मागासवर्ग, आदिवासी आणि खुल्या गटातल्या आर्थिक दुर्बलांसाठी वेगळ्या योजना आहेत. नियम वर्षावर्षाला बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर न जाता चालू वर्षाची जाहिरात वाचणे बरे.

सरकारी पैसा मिळाला तरी ओढाताण संपत नाही. केंद्राच्या योजनेत 2024-25 च्या नियमांनुसार ब्रिटनमधला निर्वाहभत्ता वर्षाला 9,900 पौंड, म्हणजे महिन्याला 825. लंडनमध्ये राहायला महिन्याला सुमारे 1,500 पौंड लागतात, असे ब्रिटनचे व्हिसा खातेच धरून चालते. मधली फट विद्यार्थ्याला स्वतःच बुजवावी लागते.

ही ओढाताण जुनीच. 1913 मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर. बदल्यात संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून साठवलेला पैसा, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज एवढे जुळल्यावर 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

पीएचडीची वाट मात्र गावाकडच्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत विज्ञान, अभियांत्रिकीच नव्हे तर सामाजिक शास्त्रांतही पीएचडीच्या विद्यार्थ्याची फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल महिन्याला पैसे मिळतात. काही विभाग मास्टर्स नसतानाही घेतात. नेदरलँड्समध्ये पीएचडी म्हणजे बहुतेकदा चक्क पगारी नोकरी, तिची जाहिरात निघते.

जर्मनीचे नाव निघाले की 'तिथे फुकट असते' हे वाक्य ठरलेले. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, हे खरे. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला 1,500 युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024 पासून फी लावली. त्याहून मोठी अडचण ब्लॉक्ड अकाउंटची. व्हिसासाठी 11,904 युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास रुपये, आधीच खात्यात ठेवावे लागतात. ते आपलेच असतात आणि महिन्याला 992 युरोंप्रमाणे परत मिळतात. पण एकरकमी आणायचे कुठून?

अनेक मुले मात्र शिष्यवृत्तीचा पैसा हातात येण्याआधीच गळतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला सतरा-अठरा हजार, जर्मनीसाठी कागदपत्रांच्या पडताळणीच्या एपीएस प्रमाणपत्राला 18,000, अमेरिकेच्या व्हिसासाठी 185 डॉलर आणि सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणीचे 350. यातला बराच पैसा निकाल लागण्याआधी जातो आणि परत येत नाही. कन्सल्टन्सीवाल्यांना अनेकदा विद्यापीठांकडून कमिशन मिळते, त्यामुळे फुकटच्या सल्ल्यात कमिशन देणारी कॉलेजे पुढे असतात. याउलट 'एकलव्य'सारख्या संस्था पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना अर्ज आणि निबंध लिहायला मदत करतात.

तारखा लवकर येतात. चेव्हनिंगचे अर्ज ऑगस्टमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरात संपतात, इरास्मुसचे बहुतेक अभ्यासक्रम जानेवारीच्या आसपास, तर अमेरिकी कॉलेजांचे नोव्हेंबर ते जानेवारीत. म्हणजे पदवीनंतर लगेच जायचे असेल तर पासपोर्ट, उत्पन्नाचा दाखला आणि इंग्रजीची परीक्षा ही कामे शेवटच्या वर्षाच्या आधीच्या उन्हाळी सुट्टीतच उरकावी लागतात.