द मॉर्निंग शो : पडद्यामागची बढती

‘द मॉर्निंग शो’ ही अमेरिकी मालिका १ नोव्हेंबर २०१९ रोजी अ‍ॅपल टीव्ही प्लसवर सुरू झाली. यूबीए या काल्पनिक वाहिनीवरच्या सकाळच्या कार्यक्रमाचा लोकप्रिय निवेदक मिच केसलर (स्टीव्ह कॅरेल) याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप होतो, त्याला तडकाफडकी काढले जाते आणि त्याची सहनिवेदिका अ‍ॅलेक्स लेव्ही (जेनिफर अ‍ॅनिस्टन) हिला त्याच सकाळी ही बातमी प्रेक्षकांना सांगावी लागते. रीझ विदरस्पूनने साकारलेली ब्रॅडली जॅक्सन पुढे तिच्या जोडीला येते.

ब्रायन स्टेल्टर यांच्या २०१३ च्या पुस्तकावरून मालिका आकाराला येत असतानाच ‘मी टू’ची लाट उसळली. नोव्हेंबर २०१७ मध्ये एनबीसीने मॅट लाउअर या नामांकित निवेदकाला बडतर्फ केले आणि कथानकाची दिशाच बदलली.

पहिल्या पर्वाचा खरा गाभा हॅना शोएनफेल्डच्या कहाणीत आहे. कार्यक्रमासाठी पाहुणे मिळवणारी ही तरुण कर्मचारी. लास व्हेगासमधील गोळीबाराच्या वार्तांकनादरम्यान मिच हॉटेलच्या खोलीत तिच्यावर बळजबरी करतो. ती जागच्या जागी थिजते. ती वाहिनीच्या प्रमुखाकडे दाद मागायला जाते. तो चौकशी न करता तिला बढती देऊ करतो. हा प्रसंग फार अस्वस्थ करतो, कारण इथे मौन विकत घेतले जाते आणि कागदोपत्री मात्र ती बढती कर्तृत्वाची पावती ठरते. गुगू म्बाथा-रॉने ही घुसमट विलक्षण ताकदीने उभी केली आहे. पुढे हॅनाचा मृत्यू होतो आणि त्यानंतर अ‍ॅलेक्स आणि ब्रॅडली थेट प्रक्षेपणातच वाहिनीतील लपवाछपवी उघड करतात.