पेन घडतं ते करवतीवर

लेथवर लाकडी पेन फिरताना पाहिलं की सगळी कला त्या फिरण्यातच आहे असं वाटतं. पटाशी टेकते, भुशाचा फवारा उडतो, चौकोनी ठोकळा बघता बघता गोल होतो. बघणाऱ्याला मजा येते. पण वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे जोडून जे पेन करतात, त्यात लेथचं काम तासाभराचं. त्याआधीचे दोन-तीन दिवस करवत, गोंद आणि क्लँपचे असतात. लेथ फक्त निकाल लावतो.

या जोडकामातला सगळ्यांना भुरळ घालणारा नमुना म्हणजे केल्टिक गाठ. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या दगडी क्रूसांवर एकमेकींत गुंतलेल्या पट्ट्यांची नक्षी असते, तिच्यावरून हे नाव आलं. पेनावर चार कडी एकमेकांत ओवल्यासारखी दिसतात, प्रत्यक्षात काहीच ओवलेलं नसतं. साधारण १८ मिलिमीटर चौरस शिसवीचा ठोकळा घ्यायचा, ४५ अंशांत तिरका कापायचा आणि त्या खाचेत पांढऱ्या लाकडाची पातळ पट्टी चिकटवायची. गोंद वाळला की ठोकळा पाव वळसा फिरवून तसाच काप, पुन्हा पट्टी. अशा चारी बाजू. काकडी तिरकी चिरली की चकती लांबट निघते, तेच इथे होतं. चार लांबट कडी नव्वद-नव्वद अंशांनी सरकली की डोळ्याला गाठ दिसते.

सांगायला सोपं. खरी मेख आहे ती करवत किती लाकूड खाते यात. चकती दीड मिलिमीटर खात असेल तर पट्टीही दीडच हवी. पट्टी पातळ असेल तर ठोकळ्याचे दोन भाग एकमेकांकडे सरकतात आणि आधी बसवलेल्या पट्ट्यांच्या रेषा तिथे तुटतात. जाड असेल तर उलट बाजूने तुटतात. मी त्याच चकतीने आधी एका फालतू तुकड्यात खाच घेतो आणि पट्टी घासत घासत तिच्यात बसवून बघतो. अंगठ्याने दाबून आत गेली पाहिजे; हातोडी लागली तर ती नापास. फेविकॉल वापरायचा तर किंचित सैलच ठेवावी, कारण त्यातल्या पाण्याने पट्टी फुगते. आणखी एक युक्ती: काप आरपार न्यायचा नाही. तळाशी मिलिमीटरभर लाकूड राखलं की दोन्ही भाग आपापल्या जागी राहतात.

मग भोक. साध्या सडपातळ पेनाला आत ७ मिलिमीटरची पितळी नळी लागते आणि ते भोक ठोकळ्याच्या बरोबर मध्यातून जावं लागतं. एका रंगाच्या लाकडात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर कुणाला कळतही नाही. गाठीच्या ठोकळ्यात तोच अर्धा मिलिमीटर समोरासमोरच्या कड्यांना एकमेकांपासून एक मिलिमीटर सरकवतो, आणि गाठ लंगडी दिसते. म्हणून ठोकळा लेथच्या चकमध्ये धरून फिरवायचा आणि ड्रिल स्थिर ठेवायचं. तसं भोक सरळ जातं. घाई केली तर ड्रिल तापतं, गोंद मऊ पडतो. थोडं आत, बाहेर काढून भुसा झाडायचा, पुन्हा थोडं आत.

लाकडं मी फर्निचरवाल्यांच्या टाकाऊ तुकड्यांतून निवडतो. शिसव काळपट जांभळी, साग सोनेरी, फणस पिवळाधमक. पण फणसाचा पिवळा रंग उजेडात हळूहळू तपकिरी होतो, त्याच्या जिवावर नक्षी उभारू नये. पांढऱ्यासाठी काळा कुडा उत्तम. नाव काळा असलं तरी लाकूड हस्तिदंती आणि बारीक पोताचं. चन्नपट्टणची खेळणी याच लाकडाची. तिथे फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून रंग चढवतात. आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांवरही रंग वरूनच येतो. जोडकामात तो लाकडाच्या पोटातून येतो, त्यामुळे चुकीच्या जागी आला तर पुसता येत नाही. शिसव तेलकट असते. चिकटवण्याआधी ॲसिटोनच्या बोळ्याने पुसली नाही तर जोड सुटतो. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घालणारेही आहेत. मला त्या आवडत नाहीत. घासताना त्यांची काळी भुकटी शेजारच्या पांढऱ्या लाकडात शिरते.

आता लेथ. ठोकळा गोल होत जातो तशी गाठही आक्रसते. ४५ अंशांच्या कापात कड्याची उंची पेनाच्या व्यासाएवढीच असते. १८ मिलिमीटरला सुरू झालेलं कडं १० मिलिमीटरच्या पेनावर १० चंच उरतं. टोकांशी तर व्यास साडेआठच्या आसपास येतो, म्हणजे नळीवर लाकूड पाऊण मिलिमीटर! एवढ्याशा सालीत इतके जोड. धार बोथट असेल तर पटाशी अडकते आणि सगळं फुटून भिंतीवर जातं, म्हणून चेहऱ्यावर शील्ड हवीच. शिसवीचा भुसा छातीला बाधतो, तेव्हा मास्कही.

पॉलिश पेपर जितका कमी तितका बरा. तो मऊ लाकूड जास्त खातो, कठीण कमी, आणि प्रत्येक जोडावर बोटाला उंचवटा लागतो. शिवाय काळा भुसा कुड्यात मुरतो. त्यामुळे आधी पातळ सुपरग्लूचा एक हात देऊन रंध्रं बुजवायची, मगच घासायचं, तेही शेवटी लेथ बंद करून लांबीच्या दिशेने.

असं पेन विकत घेणार असाल तर आधी जोडांवरून नख फिरवा, ते अडकता कामा नये. मग पेन हळूहळू फिरवून चारी कडी सारखी आहेत का ते बघा. दोन्ही जमलं असेल तर किमतीत घासाघीस करू नका. आणि ते पेन उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. तापलेलं पितळ फुगतं, वाळलेलं लाकूड आकसतं आणि जोड चिरतात.