जमिनीची रेघ कागदाच्या मधोमध

जलचक्राचं चित्र काढा म्हटलं, की चौथीच्या मुलांचे हात आपोआप चालू लागतात. कोपऱ्यात सूर्य, दोन त्रिकोणी डोंगर, मधून नदी, वर जाणारे निळे बाण. चित्र देखणं होतं, गुणही मिळतात. पण त्यातलं पाणी मुलांच्या गावचं नसतं. चित्रांतून पाणी शिकवायच्या नादानं मी बरीच वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांतून हिंडतो आहे. आधी पाहणं, बाण नंतर, हे माझं ठाम मत.

पहिला धडा व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर. ओंजळभर पाणी ओतायचं, ओलाव्याच्या कडेनं खडूची रेघ मारायची. थोड्या थोड्या वेळानं आत नवी रेघ. रेघांची वलयं एकात एक उमटत जातात आणि शेवटी फरशी कोरडी. ‘पाणी गेलं कुठं?’ असं पोरंच विचारू लागली, की मग बाष्पीभवन हा शब्द सांगावा. वाफ डोळ्यांना दिसत नाही. ढग दिसतो, कारण तो पाण्याच्या अतिसूक्ष्म थेंबांचा, उंचावर हिमकणांचाही असतो. म्हणून वर जाणारे निळे थेंब नकोत, विरळ ठिपके काढू द्यावेत. गार हवेत ठिपक्यांची दाटी झाली की ढग.

मग नदीत पाणी येतं कुठून, हे कोडं मोठ्यांनाही लवकर सुटलं नव्हतं. समुद्राचं पाणी जमिनीखालून येऊन नद्यांना मिळतं, असं युरोपातले अनेक विद्वान मानत. १६७४ मध्ये पिएर पेरो यांनी हिशेब मांडला, की सीन नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यात पडणारा पाऊस तिथल्या प्रवाहाच्या सहापट भरतो. इतिहास एवढा पुरे.

माझा जीव रमतो तो विहिरीत. बर्फ वगळलं तर पृथ्वीवरचं बहुतेक सगळं गोडं पाणी जमिनीखाली आहे, आणि चित्रात त्याच्या वाट्याला येते तळाची बोटभर तपकिरी पट्टी! म्हणून मी कागद उभा धरून जमिनीची रेघ मधोमध मारायला लावतो आणि मुलांना कठडा असलेल्या विहिरीवर नेतो. माण तालुक्यातल्या एका वस्तीवरची विहीर अजून डोळ्यांपुढे आहे. वर माती, खाली पिवळसर मुरूम, मग मांजऱ्या खडक, तळाशी काळा पाषाण. मुलं तेलखडूनं एकेक थर रंगवत होती. एका मुलीनं झरा नेमका दोन थरांच्या सांध्यातून काढला. विचारलं तर म्हणाली, “गुरुजी, पाणी तिथनंच येतंय. आज्जा म्हणतो, पाषाणात पाणी नसतं, चिरंत असतं.” दख्खनच्या बेसाल्टचं भूजलशास्त्र हेच सांगतं. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते भेगांत, झिजलेल्या खडकात आणि थरांच्या सांध्यात साठतं.

त्याच वर्गात कुणी बोअर काढलं, कुणी टँकर. एका स्पर्धेत टँकर काढला म्हणून गुण कापलेले मी पाहिले आहेत, आणि ते मला फार लागलं. २०१९ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात संशोधकांनी जलचक्राच्या साडेचारशेहून अधिक आकृत्या तपासल्या. त्यांतल्या ८५ टक्के आकृत्यांत माणसाचा पाण्याशी संबंधच दाखवला नव्हता. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेनं २०२२ मध्ये नवी आकृती काढली, तिच्यात माणसाचा पाणीवापर आला. मग माणच्या मुलांचा टँकर चुकीचा कसा?

बाणही गावागणिक बदलू द्यावेत. अरबी समुद्राकडून आलेले ढग महाबळेश्वरावर बरसतात. त्यातलं काही पाणी सावित्रीतून बाणकोटच्या खाडीवाटे अरबी समुद्रात परततं, काही कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे निघतं. वाईच्या मुलानं नदीचा बाण पूर्वेला वळवून कागदाबाहेर नेला, तर तो पुसू नका.

शिक्षकांना एक विनंती. दिवाळीची सुट्टी संपली, की जवळच्या कठड्याच्या विहिरीचं चित्र मुलांकडून काढून घ्या. पाण्याची पातळी निळ्या रेघेनं दाखवून शेजारी तारीख लिहायला सांगा, आणि वार्षिक परीक्षेपर्यंत दर महिन्याला त्याच कागदावर नवी रेघ मारून घ्या.