बोरिवलीच्या सावलीतली ज्युडी

पंखांवर धातूच्या चकाकीची नक्षी मिरवणाऱ्या फुलपाखरांचं एक अख्खं कुळच आहे: रिओडिनिडी. जगभरात त्याच्या दीड हजाराच्या आसपास जाती, त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त अमेरिका खंडात, बहुतेक तिथल्या उष्ण, दमट जंगलांत. पण मुंबईकरांनो, अॅमेझॉनचं तिकीट काढू नका. याच कुळातली ‘प्लम ज्युडी’ बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात राहते!

आपल्या ज्युडीला चांदीची नक्षी नाही. तपकिरी-जांभळट पंख, ताज्या नरावर तिरप्या उन्हात निळसर झाक, मागच्या पंखांवर डोळ्यांसारखे काळे ठिपके. पण नखरा बघा! दाट सावलीत पानावर उतरते, गर्रकन वळते, पंख अर्धे उघडते, टुणकन पुढे सरकते, पुन्हा वळते. कॅमेरा रोखेपर्यंत बाई दुसऱ्या पानावर. ओळखायला ही एवढी खूण पुरते.

पायांचा हिशेबही अजब. मादी सहा पायांवर चालते, नर चारच. त्याचे पुढचे दोन पाय आखूड असतात, चालायच्या कामाचे नाहीत.

अमेरिकेतल्या काही भाऊबंदांच्या अळ्या तर मुंग्यांना चक्क हाक मारतात. डोक्याजवळचे बारीक दांडे घासून त्या कंप निर्माण करतात, तो फांदीतून पोचतो आणि मुंग्या धावत येतात. अळी त्यांना गोड रस पाजते, मुंग्या तिला शिकारी गांधीलमाश्यांपासून वाचवतात.

चांदीच बघायची असेल तर ‘कॉमन सिल्व्हरलाइन’ शोधा. कूळ वेगळं, पण पंखांखालच्या पट्ट्यांत खरीखुरी रुपेरी रेघ. तिच्यात धातूचा कणही नसतो. खवल्यांच्या अतिसूक्ष्म थरांवरून परतणारा प्रकाशच चांदीसारखा चमकतो. मागच्या नाजूक शेपट्या मिशांसारख्या हलतात, पक्षी त्यांनाच डोकं समजून चोच मारतो आणि फुलपाखरू जिवानिशी सुटतं. हिची अळी बोरीवर वाढते, मुंग्यांच्या पहाऱ्यात.

ज्युडीच्या अळीला लागतात वावडिंगाच्या गोतावळ्यातली झुडपं. मोठ्या झाडांसाठी आपण भांडतो, ते योग्यच. पण पायाशी वाढणारी झुडपं मात्र ‘गवत-कचरा’ म्हणून छाटली जातात. आरेत असो, मुलुंडच्या डोंगराकाठी असो की तुमच्या सोसायटीच्या कुंपणाला, बोरीच्या काटेरी झुडपावर कोयता चालवण्याआधी पानं उलटून बघा. मुंग्यांची लगबग दिसली तर तिथे सिल्व्हरलाइनची अळी असू शकते, ती फांदी राहू द्या.