आठ आण्यांची विकेट

छत्रपती संभाजीनगरजवळच्या पडेगावात रविवारी सकाळी मोकळ्या जागेत पोरांचा खेळ रंगतो, तेव्हा एक नियम कुणी न शिकवता पाळला जातो. बॅट ज्याची, पहिली बॅटिंग त्याची. उरलेल्यांनी बॉल टाकायचा आणि आपली पाळी येण्याची वाट बघायची. इथून शहराकडे निघालं की लगेच छावणी लागते. इंग्रज अमदानीत क्रिकेट आपल्याकडे रुजलं ते अशाच छावण्यांच्या आसऱ्याने. त्या रस्त्याने जाताना मला नेहमी पुण्यातली एक नेट आठवते आणि तिच्यात समोरासमोर उभी असलेली दोन माणसं.

एक जॉन ग्लेनी ग्रेग. जन्म १८७१, महूच्या छावणीत. सैन्यात कॅप्टन, पुढे कर्नल. ‘जॉन ग्लेनी’ म्हणता म्हणता सोबत्यांनी त्याचं ‘जंगली’ करून टाकलं. चण लहान, पण मनगटं विलक्षण लवचिक. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फलंदाजांत त्याच्या तोडीचा त्या काळी क्वचितच कुणी होता. सुट्टीवर मायदेशी गेला की तो हॅम्पशायरकडून खेळायचा.

दुसरे पालवणकर बाळू. जन्माने चांभार, वडील फौजेच्या नोकरीत. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले. आधी एका पारशी क्लबात महिना तीन रुपये, मग १८९२च्या सुमारास पूना क्लबात चार. काम काय, तर खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट बांधायची, रेषा आखायच्या. कधीतरी साहेबांना सरावासाठी बॉल टाकायचे. डावखुऱ्या कॅप्टन बार्टनची सहजसुंदर शैली त्यांनी नजरेत साठवली आणि तीच हातात आणली.

ग्रेगने हा हात ओळखला. बाकीची मंडळी यायच्या तासभर आधी तो मैदानावर हजर व्हायचा आणि एकट्या बाळूंसमोर सराव करायचा. दर वेळी बाद झाला की तो बाळूंना आठ आणे द्यायचा, अशी कथा सांगतात. चार रुपये पगाराच्या माणसाला आठ आणे! आठ वेळा साहेबाची विकेट काढली की अख्खा महिन्याचा पगार हातात. बॉलला किती उंची द्यायची, टप्पा कुठे पाडायचा, एवढा चांगला फलंदाज कुठे चकतो, हे सारं त्या तासात बाळूंच्या बोटांत मुरलं. ग्रेगच्या बॅटीतही तेवढंच मुरलं असणार. त्याच्या धावांत बाळूंचा वाटा आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

पण त्या नेटमध्ये बाळूंच्या हाती कुणी बॅट दिली नाही. ही खंत त्यांनी पुढे बोलूनही दाखवली. त्या काळी इंग्लंडातही हीच रीत होती. हौशी ‘जंटलमन’ बॅट मिरवणार, घाम गाळून बॉल टाकणार पगारी ‘प्लेअर’. दोघांच्या ड्रेसिंग रूमसुद्धा वेगळ्या. पुण्यात या वर्गभेदाला आपल्या जातीची जोड मिळाली.

पुण्यातल्या हिंदू संघाने गोऱ्यांना आव्हान दिलं, तेव्हा बाळूंना घ्यावं की नाही यावर खल चालला होता. या गोलंदाजाला गमावलंत तर मूर्ख ठराल, अशा अर्थाचं ग्रेग उघडपणे बोलल्याचं इतिहासकार रामचंद्र गुहांनी नोंदवलं आहे. बाळू संघात आले. मैदानावर त्यांच्या हातचा बॉल सगळ्यांना चालायचा. चहाच्या वेळी मात्र इतरांना चिनी मातीचे कप, आणि बाळूंना पॅव्हिलियनबाहेर मातीचं बोळकं. हे वाचताना आजही माझा घसा कोरडा पडतो. बरोबर खेळता, मग बरोबर चहा का पीत नाही, असा सवाल न्यायमूर्ती रानड्यांनी या खेळाडूंपुढे ठेवला.

ग्रेगचे ते शब्द मला मोलाचे वाटतात. तो ज्याच्याविरुद्ध खेळणार होता, त्याच्याच बाजूने बोलला. त्याला गुणाची पारख होती. पण नेटमधल्या त्या तासात बॅट बाळूंच्या हाती देणं सर्वस्वी त्याच्या हातात होतं, आणि ते त्याला सुचलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

फेब्रुवारी १९०६मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, तेव्हा संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून जास्त बळी घेतले. ते परतल्यावर मुंबईत झालेल्या सत्काराचं मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिल्याचं गुहा सांगतात. बाबासाहेबांचा जन्मही महूच्याच छावणीतला, ग्रेगनंतर वीस वर्षांनी. पडेगावहून शहरात जाताना छावणीपासून जवळच नागसेनवन आहे. तिथे १९५०मध्ये त्यांनी मिलिंद महाविद्यालय उभं केलं. त्याआधी १९३७च्या निवडणुकीत मात्र बाळू बाबासाहेबांच्याच विरोधात उभे राहिले आणि हरले.

बाळूंच्या आणखी एका भावाला, विठ्ठलला, १९२३मध्ये हिंदू संघाचं कर्णधारपद मिळालं. बाळूंना ते कधीच मिळालं नाही. ग्रेगने उतारवयात कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा घेतली.

बाळू जुलै १९५५मध्ये गेले, ग्रेग मे १९५८मध्ये. ग्रेगच्या धावा पुस्तकांत सापडतात. पूना क्लबच्या नेटमध्ये बाळूंनी त्याला किती वेळा बाद केलं, ते कुणी लिहून ठेवलं नाही.