चेहऱ्याचा रंग आणि डबीतला रंग

शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही हे पाहिले असेल. राजाचे काम करणाऱ्या सावळ्या मुलाला 'गोरा दिसावा' म्हणून फिकट रंग फासलेला असतो. पण चेहरा गोरा न दिसता राख लावल्यासारखा दिसतो! असे का व्हावे?

प्रथम त्वचेकडे पाहू. मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या प्रमाणात, प्रकारात आणि त्याच्या कणांच्या आकारात. मेलॅनिनचा एक प्रकार काळा-तपकिरी, तर दुसरा पिवळट-तांबूस असतो. त्यात रक्तातील हीमोग्लोबिनची लाली मिसळते. म्हणूनच दोघे सारखेच सावळे असले तरी एकाच्या त्वचेवर पिवळी झाक असते, तर दुसऱ्याच्या तांबूस.

आता डबीतला रंग. फाउंडेशनमध्ये मुख्यतः चार रंगद्रव्ये असतात: पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड आणि लोहाची पिवळी, तांबडी व काळी ऑक्साइडे. त्यांचे प्रमाण बदलले की छटा बदलते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे; टायटॅनियम डायऑक्साइडचा २.५ हून अधिक. त्यामुळे त्याचे कण प्रकाश जोराने विखुरतात. उदबत्तीचा धूर काळ्या फळ्यासमोर निळसर दिसतो ना? गडद त्वचेवरील पांढऱ्या कणांचा पातळ थरही तसाच निळसर-करडा दिसतो. आपल्या राजाच्या चेहऱ्यावरची राख ती हीच!

डाग झाकणाऱ्या कन्सीलरचे तत्त्व थोडे निराळे आहे. डोळ्यांखालच्या निळसर वर्तुळांवर नारिंगी झाकेचा कन्सीलर लावतात. नारिंगी रंगद्रव्य निळा प्रकाश शोषून घेते आणि तांबडा-पिवळा परत पाठवते. त्यामुळे तेथील निळेपणा लपतो. मुरुमाच्या लालीवर याच कारणाने हिरवट झाक वापरतात.

पण दुकानात जुळलेला रंग घरी येताच वेगळा का दिसतो? आई साडीवर ब्लाउजपीस घेताना दोन्ही कापडे दुकानाच्या पायरीवर, उजेडात नेऊन पाहते. ती शास्त्रशुद्ध वागत असते! सूर्यप्रकाशात सर्व रंग सलग असतात. ट्यूबलाइटच्या वर्णपटात मात्र काही रंग ठळक, तर काही फिके असतात. दोन वस्तू एका प्रकाशात सारख्या आणि दुसऱ्यात वेगळ्या दिसू शकतात.

म्हणून रंग निवडताना असे करावे. जवळजवळच्या तीन छटांचे पट्टे जबड्याच्या कडेवर, मानेलगत ओढावेत. तळहातावर नको, कारण तेथे मेलॅनिन फार कमी असते. काही मिनिटे थांबून दिवसाच्या उजेडात आरशात पाहावे. जो पट्टा दिसेनासा होतो, तो आपला!

करून पाहा: ट्यूबलाइटखाली एकाच रंगाचे भासणारे, पण वेगवेगळ्या कापडांचे तुकडे जमवा. ते उन्हात नेऊन पुन्हा पाहा. किती जोड्या फुटल्या, याची वर्गात नोंद करा.

आणि पुढच्या संमेलनात राजाला त्याच्याच रंगाचा रंग लावा. राजा गोराच असावा, असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?