गुलाबदाणी मोडीत देण्याआधी हे ऐका

आजचा विषय आपल्या नाशिकच्या सराफ बाजारातला, पण त्याचं एक टोक थेट चीनमध्ये आहे.

२०२५मध्ये चांदी किलोमागे १ लाख रुपयांच्या पुढे गेली. तेव्हापासून मला एक प्रश्न सारखा ऐकू येतो: "आजीची जाळीची गुलाबदाणी पडून आहे, मोडीत देऊ का?" माझं उत्तर: थांबा, आधी ती नीट बघा.

मोड म्हणजे काय? वस्तूचं वजन करायचं, घट वजा करायची आणि उरलेल्या चांदीचे पैसे द्यायचे. भरीव तांब्या-पेल्याला हा हिशोब ठीक आहे. तारकामाला तो अजिबात जमत नाही. पोलादी पट्टीच्या लहान-लहान होत जाणाऱ्या भोकांतून चांदी ओढून केसासारखी तार काढतात. ती पिळतात, चपटी करतात, वळवून नक्षी बनवतात आणि टाकणखार लावून डाक देत एकेक तुकडा जोडतात. म्हणजे वस्तू हलकी, आणि जोड शेकडो. डाकेत दुसरा धातू मिसळलेला असतो, त्यामुळे आटणीत शुद्ध चांदी आणखी कमी भरते. सगळ्यात जास्त मेहनतीच्या वस्तूला मोडीत सगळ्यात कमी पैसे!

आता चीनकडे वळूया. १७५७ ते १८४२ या काळात युरोपीय व्यापाऱ्यांना चीनमध्ये एकच बंदर खुलं होतं: कँटन, म्हणजे आजचं ग्वांगझू. मुंबईचे पारशी व्यापारीही तिथेच जायचे. ज्यांच्या नावाने जे. जे. हॉस्पिटल आहे, ते जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी अनेकदा चीनला गेले होते. इथून कापूस आणि अफू जायची, तिथून रेशीम, चहा, चिनी मातीची भांडी यायची. पारशी गारा साडी याच वाटेने आली. आणि चांदीचं तारकामही.

गंमत अशी की कँटनचे कारागीर गिऱ्हाईक बघून माल बनवायचे. युरोपसाठी कार्ड ठेवायच्या डब्या, भारतासाठी गुलाबदाण्या. लग्नात पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायची पद्धत आपली. पारशी घरांत तर लग्न-नवजोतच्या 'सेस'च्या तबकात गुलाबदाणी हवीच. म्हणजे घाट आपला, हात चिनी.

मग ओळखायचं कसं? उजेडात धरा. ड्रॅगन, बांबू, शेवंती, फुलपाखरं दिसतात का? निळ्या-हिरव्या मिन्याचे ठिपके आहेत का? तळाशी इंग्रजी अक्षरं किंवा चिनी खूण आहे का? 'डब्ल्यू एच ९०' असा शिक्का असेल, तर तो वांग हिंग या चिनी पेढीचा; ९० म्हणजे ९० टक्के चांदी. पण पुष्कळ तारकामावर शिक्काच नसतो. त्यामुळे शिक्का नाही म्हणून वस्तू साधी, असं समजू नका. आणि एवढ्या खुणांवरून स्वतःच निकालही देऊ नका. चिनी आणि भारतीय तारकाम वेगळं ओळखणं जाणकारांनाही जड जातं. रशियातल्या हर्मिटेज संग्रहालयात दोन्ही देशांचं तारकाम जपून ठेवलंय.

तुमची वस्तू चिनी न निघता कटक किंवा करीमनगरची निघाली तर? तरीही ती आटवू नका. त्या दोन्ही कामांना भौगोलिक मानांकन आहे.

तीन कामं करा. एक, टूथपेस्ट आणि ब्रश लांब ठेवा, तार वाकते. मऊ कापड पुरे. दोन, सगळ्या बाजूंनी आणि तळाचे फोटो काढा, वजन लिहा, घरातल्या मोठ्यांना "ही कुठून आली?" विचारून उत्तर रेकॉर्ड करा. तीन, जुन्या वस्तूंच्या जाणकाराला दाखवा. आणि हो, १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे १०० वर्षांहून जुनी कलावस्तू स्वतःहून परदेशी पाठवता येत नाही. ऑनलाइन गिऱ्हाईक मिळालं म्हणून कुरिअर करू नका.

चांदीचा भाव उद्याही कळेल. आटलेली तार मात्र परत कोणी वळून देणार नाही. भेटू पुढच्या भागात!